गाभाऱ्यात फोटो काढण्यास मनाई आहे

माझ्या दिराला फोटो काढायचं वेड आहे. जेवणाचं ताट आलं की आधी फोटो, मग घास. टोलनाक्याची रांग, झोपलेला भाऊ, भजीची कढई, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटत नाही. या वेडाला आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली, त्यात मी सगळ्यांत पुढे. आता मी ठेवत नाही. माझ्या संसारातली एक गोष्ट मला त्याच्या फोटोंमुळे कळली, आणि ते फोटो नसते तर ती कळू न देता माझा नवरा सुखाने म्हातारा झाला असता.

सासूबाईंची पंचाहत्तरी तोंडावर आली होती. त्या गावी असतात, देवगडच्या बाजूला. सासरे जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्या गाव सोडून नालासोपाऱ्यात आमच्याकडे यायला तयार नाहीत. तर दिराने ठरवलं की जुन्या फोटोंचं छापील पुस्तक करायचं आणि समारंभाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायचं. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. ती ओळ लिहायचं काम माझ्याकडे, कारण घरात चार ओळी धड लिहिणारी मी एकटीच, असा सगळ्यांचा समज आहे. मीही तो कधी मोडला नाही.

एका रविवारी दीर आणि जाऊ वसईहून सकाळीच आमच्याकडे आले. मी राजोडीहून ताजे बोंबील आणवले होते. जेवायला वेळ होता म्हणून दिराने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आम्ही चौघं फोटो निवडायला बसलो. मी मांडीवर वही घेतली होती.

पुस्तकाची मधली पानं आमच्या सागरी रस्त्याच्या सहलीसाठी राखून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वीची सहल. सासरे तेव्हा आमच्याकडे राहून नुकतेच आजारातून उठले होते आणि म्हणाले होते, "हायवेन जावन जावन हाडां खिळखिळी झाली. एकदाव दर्याच्या कडेन जावया." म्हणून एका गाडीत आम्ही पाच जण, सासू, सासरे, नवरा, मी आणि तेव्हा बिनलग्नाचा असलेला दीर, अलिबाग-मुरुडपासून समुद्र उजव्या हाताला ठेवून चार दिवसांत गावी पोचलो. वाटेत जिथे जिथे खाडी आडवी आली तिथे गाडी जेटीच्या बोटीत घालायची, पलीकडे उतरवायची आणि पुन्हा चालू पडायचं.

टीव्हीवर एकेक फोटो यायला लागला आणि आमची हसून मुरकुंडी वळली. दिघीच्या बोटीत सासूबाई गाडीतून उतरायलाच तयार नव्हत्या. "बुडलंय तर गाडीत बसान बुडान," असं त्या म्हणाल्या होत्या, ते दिराने त्यांच्या आवाजात करून दाखवलं. हर्णैच्या मासळीच्या लिलावात सासरे उगाचच बोली लावून बसले होते आणि टोपलीभर माकुल गळ्यात पडायची वेळ आली होती, त्याचा फोटो. मी वहीत भराभर ओळी लिहीत होते. जावेने या सहलीबद्दल फक्त ऐकलं होतं, ती लग्न होऊन नंतर आली. नाशिकची आहे. तिला सगळ्याचंच कौतुक.

मग दाभोळच्या जेटीवरचा एक फोटो आला. मागे खाडीचं हिरवट पाणी, पलीकडे धोपाव्याचा डोंगर, आणि पुढे मी, पाठमोरी, फोनमध्ये डोकं खुपसून.

"काय हो ताई," जाऊ म्हणाली, "एवढा समुद्र सोडून फोनमध्ये काय बघताय?"

मी म्हणाले, "ऑफिसचं काहीतरी असेल." नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला.

ते ऑफिसचं नव्हतं. आम्हाला मूल नाही. सगळे उपाय करून झाल्यावर आम्ही दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवलं होतं. घर बघायला संस्थेच्या ताई येऊन गेल्या होत्या, कागद झाले होते, आणि तीन वर्षं आमचा नंबर मुंगीच्या पावलांनी वर सरकत होता. घरात फक्त आम्हा दोघांनाच हे माहीत. त्या जेटीवर, बोट सुटायच्या आधी, मला निरोप आला. सात महिन्यांची मुलगी. तिची सगळी माहिती आणि एक फोटो. दोन दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. फोटोत तिने पिवळं झबलं घातलं होतं, डोक्यावर तेल थापलेलं, आणि एका हाताची अख्खी मूठ तोंडात. मी त्या फोटोकडे बघत बोटीत चढले आणि पलीकडे कधी उतरले ते मला आठवत नाही.

गुहागरला मुक्काम होता. संध्याकाळी ओसरीवर मी सगळ्यांना सांगून टाकलं. दीर आनंदाने उडालाच. सासूबाई फोन मागून घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. सासऱ्यांनी मात्र फोनकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी म्हणाले, "कोणाचा कोण." एवढंच. मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. शब्दाने शब्द वाढणार, तोच माझा नवरा मध्ये पडला. "परवा गावात पोचतोच आहोत," तो म्हणाला. "देवीचा कौल घेऊ. ती उजवी देईल तर मुलगी घरात आणू, डावी दिली तर विषय संपला. चालेल बाबा?" सासरे म्हणाले, चालेल.

कौल म्हणजे आमच्या गावच्या देवीला विचारायची रीत. गुरव पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, घराण्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आपण समोर उभे असतो म्हणून तिची उजवी ती आपल्या डाव्या हाताला येते, हे लहान मूलही जाणतं. घराचा पाया, लग्न, विहीर, सगळं असं विचारून होतं. मी बँकेत नोकरी करणारी, शिकलेली बाई. एका पाकळीवर माझं मूल ठरावं हे मला एरवी पटलं नसतं. पण सासऱ्यांच्या "कोणाचा कोण"पुढे माझं काही चालणार नव्हतं, आणि देवीने हो म्हटलं की त्यांचं तोंड कायमचं बंद होणार होतं. मला वाटलं, नवऱ्याने माझ्यासाठी किती हुशारीने वाट काढली. त्या रात्री मी त्याला तसं बोलूनही दाखवलं.

आणि कौलाच्या सकाळी नेमकी माझी पाळी आली. म्हणजे देवळात जायची सोय नाही. देवळाच्या आवाराबाहेर फणसाखाली गाडी उभी केली आणि मी आत बसून राहिले. गुरवाचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. दर वाक्याला सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" तेवढं ऐकू यायचं. मी गाडीत बसून त्यांच्याबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मला हसू येत होतं.

मग बराच वेळ शांत. मग नवरा एकटाच बाहेर आला. खिडकीशी वाकला, माझा हात धरला आणि म्हणाला, "डावी दिली."

त्याचे डोळे भरले होते. बाकी सगळं मी एक वेळ सोडून देईन, ते भरलेले डोळे सोडणार नाही.

त्याच दुपारी आम्ही नकार कळवला. त्या नकारानंतर आमचा नंबर तळाशी गेला, मग साथ आली, मग सासऱ्यांचं दुखणं, मग आमची वयं. नाव काढून टाकलं. सासऱ्यांना डॉक्टरला पुन्हा दाखवायचं होतं म्हणून सासू-सासरेही आमच्याबरोबर परत निघाले. जयगडच्या बोटीत सासरे माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मनाक लावन घेव नुको. ज्येच्या त्येच्या मनाचा असता." म्हातारा सुटल्याच्या आनंदात सांत्वन करतोय, असं मला वाटलं. मी त्यांना उत्तरसुद्धा दिलं नाही. पुढे ते जाईपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

पण सासऱ्यांवरचा हा राग त्यामानाने काहीच नव्हता. माझा खरा राग देवीवर होता. तीही आईच ना? तिने माझ्याकडे बघून ठरवलं की हिच्या पदरात मूल टाकण्यासारखं नाही. गाडीत बसलेल्या, विटाळशी, पस्तिशी उलटलेल्या बाईला तिने नापास केलं. सहा वर्षं मी हे कुणाला न सांगता मनात धरून होते. सोसायटीत कुणाचं बाळ हातात दिलं तर मी पटकन परत करायचे, जणू मला परवानगी नाही. आमच्या देव्हाऱ्यात तिची तसबीर आहे, तिच्यापुढे दिवा मी लावायचे, पण वर मान करून बघायचे नाही.

तर टीव्हीवर फोटो पुढे सरकत होते. गणपतीपुळे, जैतापूरचा पूल, विजयदुर्ग. मग देऊळ. दिराने लागोपाठ चार-पाच फोटो काढले होते, उंबऱ्याबाहेरून, माणसांच्या खांद्यांवरून.

"अय्या, हे काय चाललंय?" जावेने विचारलं.

"हा कौल," दीर म्हणाला. "हे बघ, दोन्हीकडे पाकळ्या लावल्यात. आता पुढचा फोटो."

"पुढे चल रे," नवरा म्हणाला. "देवळातले फोटो छापत नाहीत."

"बघू तर दे तिला," असं म्हणत दिराने बटण दाबलं. पुढच्या फोटोत आमच्या डाव्या हाताचा खांदा रिकामा होता. पाकळी खाली, देवीच्या पायाशी पडली होती. दुसऱ्या खांद्यावरची जागच्या जागी.

मी म्हणाले, "मागे घे." त्याने मागे घेतलं. "पुन्हा पुढे." पुन्हा पुढे. मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. डाव्या हाताला रिकामा खांदा. म्हणजे देवीची उजवी.

"फोन कधीकधी फोटो उलटा करतो," नवरा मागून म्हणाला. "डावं-उजवं फिरतं त्यात. सेल्फीत होतं तसं."

मूर्तीच्या मागच्या भिंतीवर एक पाटी होती. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: गाभाऱ्यात फोटो काढण्यास मनाई आहे. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. सरळ, सुवाच्य, डावीकडून उजवीकडे. "पाटी उलटी झालेली नाही," मी म्हणाले. "फक्त पाकळीच उलटी झाली का?"

दीर माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. "वहिनी, उजवीच दिली होती की," तो हळूच म्हणाला. "बाबांनी तिथल्या तिथे गुरवाला नारळ वाढवायला सांगितला. तुला..." मग त्याने भावाकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

जाऊ शहाणी. काय झालंय हे तिला कळलं नाही, पण काहीतरी झालंय हे कळलं. "आम्ही जरा कळंबला चक्कर मारून येतो," असं म्हणून तिने दिराला उठवलं. भर बाराच्या उन्हात कळंबच्या किनाऱ्यावर कोण जातं? पण गेली दोघं.

मी स्वयंपाकघरात गेले. बोंबील मीठ लावून ठेवले होते. नवरा दाराशी येऊन उभा राहिला.

"मला नको होती," तो म्हणाला.

मी वाट बघितली. त्याला वाटलं असावं मी ओरडेन. मी एरवी डाळीत मीठ कमी पडलं तरी ओरडते.

"आपलं दोघांचं बरं चाललं होतं. तू तो फोटो बघितल्यापासून माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतंस. बोटीत मी तुला दोनदा हाक मारली. मला वाटलं, ही घरात आली की मी गेलो."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"तुला? तू सोडून गेली असतीस."

"म्हणून देवीला पुढे केलंस?"

"मला वाटलं ती डावीच देईल," तो म्हणाला. "आमच्या घराला ती तशी कडक आहे."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "आणि बाकीचे? आईंनी, बाबांनी, सगळ्यांनी उजवी पडलेली बघितली. सहा वर्षं एकानेही मला सांगितलं नाही?"

नळ थेंबथेंब गळत होता, तो त्याने घट्ट बंद केला. मी पुन्हा विचारलं. "आता ते उकरून काय मिळणार आहे?" एवढंच तो म्हणाला.

म्हणजे सगळं घर सामील. मी तसाच अर्थ लावला. सासऱ्यांना तर नकोच होती, सासूबाई त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, दीर भावाला घाबरतो. सगळ्यांनी मिळून देवीचा होकार दडपला आणि मला गाडीत बसवून फसवलं, आणि त्यानंतर इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं, माझ्याकडून दुखणी काढून घेतली, वाढदिवसाच्या ओळी लिहून घेतल्या. मी त्या म्हाताऱ्याचं शेवटचं अंथरूण काढलं होतं. तेव्हाही त्याने तोंड उघडलं नाही! मला त्या घरातल्या एकेका माणसाचा तिरस्कार वाटला.

दिवसभर मी वही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतून रजा घेतली, नवरा कामाला गेल्यावर लॅपटॉप उघडला आणि पुस्तकातल्या सगळ्या फोटोंखालच्या ओळी नीट टाईप केल्या. दिघीची बोट. हर्णैचा लिलाव. मग पाकळीचा तो फोटो मी स्वतः उचलून त्या पानांत घातला, आणि त्याखाली लिहिलं: "मुलगी घरात आणू का, असं देवीला विचारलं. देवीने उजवी दिली. मला डावी सांगण्यात आली." आणि सगळा मसुदा घरच्या ग्रुपवर टाकला, जिथे आत्या, मामेसासरे, चुलत नणंदा, सगळी चाळीस माणसं आहेत. घरातली गोष्ट घरात राहावी असं नवऱ्याने मला नंतर फोनवर चार वेळा सांगितलं. मी म्हणाले, हेच तर घर आहे.

ग्रुपवर एरवी कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली तरी पन्नास नमस्कार आणि फुलं येतात. त्या दिवशी काहीही आलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांना वाचता कमी येतं, शेजारच्या कुणीतरी वाचून दाखवलं असणार. मी उचलला तो भांडायच्याच तयारीने. पहिला शब्द काय टाकायचा तेही ठरलं होतं. पण त्या पलीकडे नुसत्या श्वास घेत होत्या.

"ह्या काय लिवलंस गो?" त्या म्हणाल्या.

"जे झालं ते लिहिलं, आई."

"तुझ्या घोवान तर आमका येगळा सांगल्यान. देवळातसून भायर येवन तुका इचारल्यान, नि परत आत येवन म्हणालो, ती घाबारली. आता तिकाच नको झाला. तिका कोणी काय इचारू नुको, ती रडात." त्यांचा आवाज चिरकत होता. "ह्येंनी नारळ वाढवलेलो. देवीन दिला तर आपलाच पोर, म्हणाले. मी झबल्याचा कापडसुद्धा बघून ठेवलेलंय. मगे काय करतलंव? तुझ्या मनात नाय तर नाय. ह्ये मरासर म्हणत, सुनेक दुखवूक नुको, तो इषय काढूक नुको."

जयगडच्या बोटीत माझ्याशेजारी उभा राहिलेला माणूस मला त्या क्षणी दिसला, आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

मग एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं, चाचरत त्यांनी विचारलं, "म्हणजे गो, तुका ता पोर व्हया होता?"

"हो," मी म्हणाले. "हवं होतं, आई."

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.